थांबाकाका आणि एकेचाळीस आवाज

आमच्या ऑफिसात थांबाकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. कुरिअरवालासुद्धा दारात येऊन "थांबाकाका आहेत का?" असंच विचारतो. हे नाव मी ठेवलं, आणि रागाच्या भरात ठेवलं. नोकरीला लागून मला जेमतेम चार दिवस झाले होते. एक फाईल घ्यायची म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर वाकले, कीबोर्डला बोट लावणार एवढ्यात मागून आवाज आला, "थांब!" मी दचकून मागे झाले. काका हातात चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "काय काय उघडं आहे ते आधी बघ. मग हात लाव." त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी मला आणखी पाच वेळा थांबवलं. मी मुळात तापट. डबे उघडले तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हे काका आहेत की चौकातला सिग्नल? थांबाकाका!" सगळे हसले, काकाही हसले, आणि नाव कायमचं चिकटलं.

तेव्हा काका पन्नाशीचे होते. बुटके, गोल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात बारका स्क्रू-ड्रायव्हर. हा स्क्रू-ड्रायव्हर जुन्या धंद्यातला. तरुणपणी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ दुरुस्त करणं सोडलं तेव्हा काका रुसून बसले नाहीत. आधी बारक्या मशीनमधल्या चिपांसाठी कोड लिहायला शिकले, मग कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम, आणि चाळिशी उलटल्यावर आमच्या मॅडमनी काढलेल्या या टीचभर कंपनीत आले. ऑफिस म्हणजे तीन खोल्या, खाली दातांचा दवाखाना. दिवसभर खालून ड्रिलची घरघर येते आणि दिवसभर आपला एखादा दात उगीच दुखल्यासारखा वाटतो.

आम्ही एकच वस्तू बनवतो. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी बोलणारी पाटी. पडद्यावर चित्रं असतात, चित्राला बोट लावलं की पाटी बोलते. "पाणी हवं." "कुशीवर वळवा." "आज नको, उद्या या." ही पाटी फोनवर चालते, टॅबवर चालते, घरच्या कॉम्प्युटरवर चालते, आणि ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी आठ मोठ्या बटणांची एक पेटी आहे, तिच्यावरही चालते. या चारी ठिकाणचे प्रोग्रॅम चार वेगळ्या भाषांत लिहिलेले आहेत. फोनवाल्याला पेटीची भाषा कळत नाही आणि पेटीवाल्याला टॅबची. पण माणूस एकच असतो. त्याने टॅबवर जुळवलेले शब्द त्याला दवाखान्यातल्या पेटीवर जसेच्या तसे लागतात.

आता या शब्दांचा साठा ठेवायचा कुठे? मॅडमचा सुरुवातीला एकच हट्ट होता, मोठा डेटाबेस घ्यायचा. म्हणजे कुठेतरी एक वेगळं मशीन अहोरात्र चालू ठेवायचं, चारी पाट्यांनी नेटवरून त्याच्याकडे शब्द मागायचे. काकांनी मान हलवली. ते म्हणाले, "मॅडम, खानावळ चांगली असते, मी नाही म्हणत नाही. पण ऑपरेशनला जाताना माणूस खानावळ काखेत मारून नेऊ शकत नाही. डबा नेऊ शकतो."

डबा म्हणजे एक छोटी डेटाबेस लायब्ररी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कोणीतरी नीट लिहून, हजारदा तपासून ठेवलेला कोड, जो आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात घालून वापरायचा. वेगळं मशीन नाही, राखणदार नाही, नेट नाही. माणसाचं सगळं बोलणं एका फाईलमध्ये. काकांनी ती लायब्ररी चारी प्रोग्रॅमांच्या पोटात घातली आणि एके दिवशी मॅडमना बटणांची पेटी घेऊन एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात नेलं. तिथे फोनची एक काडी येत नव्हती. काकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला, घरच्या कॉम्प्युटरवरची फाईल पेटीत टाकली आणि बटण दाबलं. पेटी म्हणाली, "उजेड कमी करा." तिथल्या नर्सने खरंच दिवा बंद केला. मॅडम त्या अंधारातच "बरं, ठीक आहे" म्हणाल्या.

तेव्हापासून ती लायब्ररी म्हणजे काकांच्या गळ्यातला ताईत. तिच्याबद्दल ते असं बोलायचे की काकूंना सवत आल्यासारखं वाटावं. काकू एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त आहेत, आणि चाळीस वर्षांचं बोलणं अजून संपलेलं नाही. एकदा मला म्हणाल्या, "आमच्या लग्नाचा वाढदिवस विचार याला. आठवणार नाही. पण ती लायब्ररी कोणत्या साली आली ते विचार, महिन्यासकट सांगेल." काका शांतपणे म्हणाले, "ती अजून एकदाही रागावलेली नाही."

पण त्या लायब्ररीची एक खोड होती आणि तिच्यापायीच काकांचे सोपस्कार होते. नवं काही नोंदवलं की ते लगेच मुख्य फाईलमध्ये जात नाही. आधी ते शेजारच्या एका फाईलमध्ये जातं. नाव तेच, फक्त पुढे एक शेपूट जोडलेलं. काका तिला शेपटीच म्हणायचे. शेपटीतलं सवडीने मुख्य फाईलमध्ये उतरतं, आणि प्रोग्रॅम नीट बंद केला की उरलंसुरलंही आत घेतलं जातं आणि शेपटी आपोआप नाहीशी होते. म्हणून फाईल उचलायची तर काका आधी यादीच्या, म्हणजे सगळी वाक्यं दाखवणाऱ्या पानातून बाहेर यायचे, मग पहिल्या पानावर, मग प्रोग्रॅम बंद, मग फोल्डर उघडून शेपटी गेली का ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे, आणि मगच कॉपी करायचे. दर वेळी. मला वाटायचं, मांजर आडवं गेल्यावर चार पावलं मागे येणाऱ्यांतलेच हे. त्यातलं यादीचं पान मी लिहिलेलं होतं. काका मला दोनदा म्हणाले होते, "पोरी, तुझी यादी फाईल वाचायला घेते ती सोडत नाही. पानात बोट घालून बसते. कोणी वाचत बसलं की शेपटीतलं आत उतरत नाही." मी म्हटलं, करते. ते काम माझ्या 'करायच्या' चिठ्ठीवर सात महिने होतं.

अशात क्लचसर आले.

क्लचसर म्हणजे मला गाडी शिकवणारे सर. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवली असेल. शेजारच्या सीटवरून ते ज्या पट्टीत "क्लच! क्लच! क्लच!" ओरडायचे, त्या आवाजाने रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा पाय उचलायचे. तो आवाज हळूहळू घोगरा झाला, मग खरखरीत झाला, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तारीख दहा दिवसांवर होती.

मला बातमी कळली तेव्हा मी थेट सरांच्या घरी गेले आणि म्हटलं, "सर, उद्यापासून दुपारी ऑफिसात यायचं. मशीनचा आवाज नाही, तुमचाच आवाज पाटीत घालू." सर म्हणाले, "ऑपरेशननंतर शिकवता येणार नाहीच. काय करायचाय आवाज?" आतून वहिनी बाहेर आल्या, म्हणजे सरांच्या पत्नी. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला करायचाय." सर दुसऱ्या दिवशी हजर झाले.

आठ दिवस ते येत होते. खालचे डॉक्टर दुपारी दोन ते चार सुट्टी घ्यायचे, तेवढ्या वेळात ड्रिल बंद. आम्ही आतल्या खोलीच्या खिडकीवर रजया टांगल्या. सर खुर्चीत, समोर मायक्रोफोन, आणि काका जुन्या लॅपटॉपसमोर. एक वाक्य बोलायचं, काका ऐकून बघायचे, मान हलवायचे, पुढचं. आधी कामाची वाक्यं झाली. मग शिकवणीची. "क्लच" घेताना काकांनी मायक्रोफोन चार हात लांब धरला तरी पडद्यावरची रेघ वर जाऊन धडकली. सर हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले. काकांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला दुसऱ्याचा आवाज कसा ऐकावा ते कळतं, असं मला त्या दिवसांत वाटलं. रोज चार वाजता ते सगळे सोपस्कार करून फाईल बंद करायचे.

शेवटच्या दिवशी सर घरची वाक्यं घेऊन आले. वहीच्या पानावर त्यांनी स्वतः लिहून आणली होती, एकूण एकेचाळीस. त्याच दिवशी काकांची दाढ अशी सुजली होती की गालात लिंबू धरल्यासारखा दिसत होता. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या सुट्टीत काढून टाकतो, या. काका जाताना दारात थांबले आणि मला बोटांवर मोजून दाखवलं, यादी, पहिलं पान, बंद, शेपटी, कॉपी. मी म्हटलं, "काका, जा हो. मी काय कालची आहे का?"

सरांनी एकेचाळीस वाक्यं म्हटली. नातीला, "ये, तुला गिअर दाखवतो." फोनवर, "कोण बोलतंय? जरा मोठ्याने बोला." फाटकासमोर गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याला, "गाडी काढा, नाहीतर मी काढीन." वहिनींना, "चहा गार झालाय." आणि अगदी शेवटी त्यांनी हाक मारली. घरात पेपर वाचता वाचता मारायचे तशी, मान न वळवता, शेवट लांबवून. "अगं, ऐकलंस काऽऽ" एवढंच. मारून झाल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ही नीट आली का बघ. ही फार लागते." मी अंगठा दाखवला.

खाली वहिनी रिक्षा थांबवून उभ्या होत्या. सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं, त्याआधी फाईल सरांच्या फोनवर घालायला हवी होती. मी प्रोग्रॅम चालू असतानाच मुख्य फाईल उचलली आणि फोनवर टाकली. पहिलं पान लावून बघितलं, "पाणी" बोललं, "क्लच" बोललं. सर जिना उतरले. मग मी प्रोग्रॅम बंद करायला गेले तर तो बंद होईना. माझीच यादी बोट घालून बसली होती. मी चिडून त्याला जबरदस्तीने बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप एका दवाखान्यात दाखवायला न्यायचा होता, म्हणून मुख्य फाईल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सरांच्या फोल्डरात हलवली आणि मागे उरलेली शेपटी, तिला आता कोणी मालक नाही असं म्हणून, कायमची पुसून टाकली. काका वर आले तेव्हा त्यांच्या तोंडात कापूस होता. भुवया उंचावून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झालं सगळं." त्या दिवशी तेवढं त्यांना 'थांब' म्हणता आलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पहिला आठवडाभर सर नळ्यांत होते आणि पहिल्या पानावरची वाक्यं वापरत होते. वॉर्डातल्या नर्सना "क्लच" इतकं आवडलं की त्या एकमेकींना स्ट्रेचर ढकलताना तेच ओरडू लागल्या. मी ऑफिसात ही गोष्ट रंगवून सांगत होते. अकराव्या दिवशी वहिनींचा फोन आला. "अगं, ते घरची वाक्यं शोधतायत. शेवटचं पान दिसतच नाही."

मी त्यांना सरांच्या फोनवरची यादी उघडायला सांगितली. त्यांनी मोजली. एकेचाळीस कमी. सरांच्या फोल्डरातली फाईल उघडली, तिथेही एकेचाळीस कमी. मी कपाटातून जुना लॅपटॉप काढला, चालू केला, आणि काय शोधायचं तेही न कळता धडाधड फोल्डर उघडायला लागले.

"थांब."

काका मागे उभे होते. मी सगळं सांगितलं. एकेका वाक्याबरोबर त्यांचा चेहरा उतरत गेला, पण आवाज चढला नाही. माझं संपलं तेव्हा त्यांनी पुढे होऊन लॅपटॉपची वायर ओढली आणि उलटा करून बॅटरीच काढली. मग खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून मागचं झाकण उघडलं आणि डिस्क हातात घेतली. "पुसलं म्हणजे फक्त पत्ता खोडला," ते म्हणाले. "सामान अजून तिथेच असतं, त्यावर दुसरं सामान येईपर्यंत. त्या दिवसानंतर हा किती वापरला?"

"एक दिवस. दाखवायला नेला होता."

"मग एका दिवसाचं नुकसान. देव करो आणि कमी असो."

मॅडम आल्या, त्यांनी विचारलं, चूक कोणाची. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "माझी. जो नियम मोडला तर माणसाचा आवाज जातो, तो नियम मी प्रोग्रॅमात घालायचा सोडून बोटांवर मोजत बसलो." मला इतका राग आला की मी ओरडलेच. "काका, मला पाठीशी घालू नका! तुम्ही दोनदा सांगितलं होतं, मी केलं नाही. माझी चूक मला राहू द्या!" मॅडम आमच्या दोघांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोघांनी वाटून घ्या, पण ते आवाज आणा." दार लावून त्या गेल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सरांना आता पुन्हा बोलायला लावता येणार नव्हतं, हे एकच डोक्यात घुमत होतं.

त्यानंतर चार दिवस काकांनी दुसरं कोणतंही काम केलं नाही. आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेतली आणि मूळ डिस्क रुमालात बांधून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मग मला शेजारी बसवलं. शेपटीत लिहिलं जाणारं प्रत्येक पान कोऱ्या कपाळाने जात नाही, ते म्हणाले. त्याच्या डोक्यावर त्या बैठकीचा शिक्का असतो आणि पान शाबूत आहे की नाही ते ताडून बघायचा आकडा असतो. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ते कागदोपत्री इतकं स्वच्छ मांडून ठेवलं होतं की कोणालाही वाचता यावं. काकांनी तो शिक्का शोधणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो चालायचा, शिक्का दिसला की पान उचलायचं, आकडा ताडायचा, जुळला तर क्रमाने लावायचं. मी पानं लावत होते. हजारो पानं, आणि एका वाक्यातलं एक पान जरी गहाळ असलं तरी ते वाक्य गेलं. सहा वाजले की काका उठायचे, कारण सहाला काकू खाली येऊन उभ्या राहतात, आणि जग बुडालं तरी त्यांना ताटकळत ठेवायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम. पण या चार दिवसांत काकू वर यायच्या, आपला डबा उघडून आम्हा दोघांच्या पुढ्यात ठेवायच्या, आणि चक्क गप्प बसायच्या.

दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य पुरं झालं. काकांनी ते लावलं. खोलीत सरांचा आवाज आला, "ये, तुला गिअर दाखवतो." काकू म्हणाल्या, "अगं बाई." काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि मला म्हणाले, "चल, पुढचं."

चौथ्या दिवशी दुपारी प्रोग्रॅम डिस्कच्या शेवटाला पोचला. एकेचाळीसपैकी अडतीस वाक्यं सापडली. तीन गेली. त्यांची नावं यादीत आली, आवाज आले नाहीत. त्यांच्या पानांवर आम्ही दाखवायला नेलेल्या त्या एका दिवसाचं सामान येऊन बसलं होतं. काकांनी नावं वाचली. "गाडी काढा, नाहीतर मी काढीन." "चहा गार झालाय." आणि तिसरं, "अगं, ऐकलंस का."

मी म्हटलं, "काका, परत एकदा शोधू." त्यांनी तीन वेळा परत शोधलं. नाहीच मिळालं. मी म्हटलं, "मी फोन करून सांगते." काका म्हणाले, "फोनवर नाही सांगायचं हे."

सर घरी आलेले होते. दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मी त्यांना माझ्या गाडीतून सरांकडे नेलं. सर खिडकीपाशी आरामखुर्चीत होते, गळ्याला पांढरा रुमाल, बारीक झालेले, पण डोळे तेच, शेजारच्या सीटवरून आरसा बघणारे. काकांनी फाईल घातली. आधी यादीतून बाहेर, मग पहिलं पान, मग बंद, मग तपासून, मग कॉपी, आणि मी एक शब्द बोलले नाही. सरांनी नातीचं वाक्य लावलं. नात स्वयंपाकघरातून धावत आली आणि फोनकडे न बघता सरांकडे बघत राहिली, आणि सरांनी तिला मांडीवर ओढलं.

मग काका उभे राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "तीन नाही मिळाली. दोन किरकोळ आहेत. तिसरी तुमची हाक. मला माफ करा." मी म्हटलं, "काकांची नाही, माझी चूक आहे." सरांनी पडद्याकडे बघितलं, हाकेचं नाव होतं त्या जागेवर बोट ठेवलं. पाटी गप्प राहिली.

वहिनी हसून म्हणाल्या, "भाऊजी, एवढं काय मनाला लावून घेताय? चहा गार झाल्याचं गेलं ते बरंच झालं. आणि हाक कशाला हवी? ह्यांनी हाक मारायच्या आधीच मी येऊन उभी असते. बसा तुम्ही, मी चहा टाकते." काकांच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं झालं. ते सरांच्या शेजारी बसले आणि प्रोग्रॅम आता आपोआप कसा बंद होईल, कोणी चुकलं तरी शेपटी कशी सुटणार नाही, ते हळूहळू समजावू लागले. सर मान हलवत होते.

मी वहिनींच्या मागे स्वयंपाकघरात गेले. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. नळ चालू होता, हातात रिकामं पातेलं होतं, आणि पाणी पातेल्यात पडत नव्हतं. मी नळ बंद केला.

"तू होतीस ना तिथे, त्या दिवशी?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"हो."

"कशी मारली होती गं त्यांनी?"

मला नक्कल येत नाही, गाता येत नाही, माझा आवाज कर्कश आहे असं माझी आईच म्हणते. पण त्या दिवशीची ती हाक ऐकलेलं, सरांशिवाय, जगात मीच एकटं माणूस होते. मी भिंतीकडे तोंड केलं. मान न वळवता, पेपर हातात असल्यासारखी, आवाज खाली नेऊन, शेवट लांबवून मी म्हटलं, "अगं, ऐकलंस काऽऽ"

बाहेर काकांचं बोलणं बंद झालं. आरामखुर्ची करकरली.

"आले, आले," वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसून बाहेर सरांकडे गेल्या.